वस्तू सांगा, माणसं नको

सोमवार, ७ एप्रिल २०२५

पोचले एकदाची. मंगळवेढ्याहून सकाळच्या गाडीनं आले. अठरा वर्षं कंडक्टर म्हणून ज्या गाडीत उभी राहिले, तिच्यात आज पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसले. तिकीट फाडायला आमच्याच डेपोतली पूनम होती. माझी काठी बघून तिचे डोळे भरून आले, तेव्हा मी तिला दटावलं की आधी मागची गर्दी आवर, रडायला स्टँडवर वेळ आहे. दटावून बरं वाटलं. चार महिन्यांत कुणाला दटावलंच नव्हतं.

सोलापुरात शिवयोगी मास्तरांच्या घरामागे यंत्रमागांची जुनी शेड आहे. माग कधीच गेले, जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे राहिलेत. कुणी अडखळू नये म्हणून प्रत्येक बोल्टाभोवती पांढऱ्या रंगाचा गोल काढलाय. इथं मास्तर 'उभारी' चालवतात. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसांनी पाच-सहा आठवडे राहायचं, व्यायाम करायचा आणि एकमेकांना सावरायचं. मास्तर चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांना स्वतःला झटका येऊन दहा वर्षं झाली. बोलतात हळू, पण विनोदी आहेत. मला म्हणाले की बाई, इथं सगळे अर्धेच आहेत, तेव्हा संकोच करू नका.

मला डिसेंबरात चालत्या गाडीत झटका आला. डावा हात गेला, डावा पाय थोडा परत आलाय. खरी पंचाईत वेगळीच आहे. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच डावी बाजू विसरलाय. ताटातली डावीकडची भाकरी मला दिसत नाही. वहिनीशी दोनदा भांडले की मला अर्धीच भाकरी वाढतेस म्हणून. तिनं मुकाट्यानं ताट फिरवलं, तर अर्धी भाकरी समोर आली.

१२ मे रोजी मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी आहे. त्यात पास झाले तर परत गाडीवर. नाहीतर भावाच्या घरी जिन्याखालची खाट. मला पूर्वीसारखं व्हायचंय, बाकी काही नको. मास्तरांनी प्रत्येकाला रोजनिशी लिहायला सांगितलीय, म्हणून हे.

बुधवार, ९ एप्रिल

इथली रीत मजेशीर आहे. दुपारी शेडमध्ये दोन लांब बाकं समोरासमोर मांडतात. माझी डावी बाजू म्हणजे समोर बसलेल्याची उजवी, आणि उजवी सगळ्यांची शाबूत. तेव्हा समोरच्यानं आपली डावी बाजू आपल्याला सांगायची आणि आपण त्याची सांगायची. 'तुमच्या डावीकडं कप आहे, त्यापलीकडं खिडकी, खिडकीत कंगवा.' ऐकत ऐकत मान थोडी वळते. थोडी वळली तरी पुष्कळ.

माझ्यासमोर लालसाब असतो. टेम्पो चालवायचा, पंचावन्नचा असेल. मला आपा म्हणतो. दाढी उजव्या गालाचीच करतो, डावा गाल रानासारखा, आणि ते त्याला कुणी सांगितलं तर स्वतःच खो खो हसतो. एका हातानं चहा करायला शिकलाय आणि सगळ्यांना करून पाजतो. त्याच्या डावीकडे त्याचा भाऊ बसतो, तेच नाक, तीच हनुवटी. बोलत मात्र काही नाही.

मास्तरांसमोर काशम्मा. ती विड्या वळायची. त्याला दोन्ही हात लागतात, म्हणून ते सुटलं. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. पहिल्याच दिवशी माझ्या ताटाकडे वाकून म्हणाली, "अक्का, तुमची अर्दी भाकर तशीच हाय की." बहुतेक बहीण येते तिच्यासोबत. तीही गप्पच असते.

सोपा नियम एकच. समोरच्याच्या डावीकडच्या वस्तू सांगायच्या, माणसं सांगायची नाहीत. मला वाटलं शिष्टाचार असेल, नातेवाइकांकडे बोट दाखवू नये वगैरे.

मंगळवार, १५ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पत्रा तापला की शेडमध्ये बसवत नाही, पण दुसरी मोठी जागा नाही. संध्याकाळपर्यंत अंगातलं पाणी निघून जातं आणि झोपही येत नाही.

मारिया येते व्यायाम घ्यायला. पंचविशीची आहे, मला मावशी म्हणते आणि अजिबात दया करत नाही, म्हणून ती मला आवडते. टेबलावर लाल पट्टी चिकटवते आणि शोध म्हणते. सापडली की दुसऱ्या दिवशी पट्टी वीतभर डावीकडे. आज तिसऱ्या वितीची सापडली. मारियानं टाळ्या वाजवल्या. मला एवढा शीण आला होता की हसताही आलं नाही.

आज उन्हात चार पावलं चालले आणि एक म्हातारा आठवला. पाच-सहा वर्षं झाली. त्याला चुकीच्या गाडीत बसला म्हणून मी सांगोल्याच्या फाट्यावर भर दुपारी उतरवलं होतं. पुढच्या थांब्यापर्यंत नेलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आज मला त्याचा चेहरा स्पष्ट आठवला आणि वाईट वाटलं. लालसाबला सांगितलं तर तो म्हणाला, पडलेल्या माणसालाच जमीन किती गरम असते ते कळतं. चहा आणून दिला त्यानं.

सोमवार, २१ एप्रिल

काम सुटलं तरी सवय सुटत नाही. माणसं दिसली की मी मोजते. आज बाकांवरची डोकी मोजली तर सात भरली. मारियानं चहाचे कप पाच भरले होते, आम्ही चौघं आणि ती. मी म्हटलं पाहुण्यांना नको का. ती म्हणाली कुठले पाहुणे. मास्तरांनी लगेच दुसरा विषय काढला.

मी मारियाला विचारलं की लालसाबचा भाऊ रोज येतो ना. तिनं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. लालसाबला भाऊच नाही म्हणाली.

गुरुवार, २४ एप्रिल

चूक माझी झाली. लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणाला सांगताना फिरवाफिरव करता येणार नाही.

दुपारी लालसाबची डावी बाजू सांगत होते. कप, खिडकी, कंगवा. आणि तो माणूस रोजच्यासारखा बसलेला. आज मी नीट बघितलं. खाकी शर्ट, दोन्ही गाल गुळगुळीत, दोन्ही हात गुडघ्यांवर, एक पाय सारखा हलतोय, स्टँडवर गाडीला उशीर झाल्यावर प्रवासी हलवतात तसा. तिकीट न काढता बसलेला माणूस मला कधी सोसला नाही. मी सरळ विचारून टाकलं की तुमच्या डाव्या हाताला खाकी शर्टातलं कोण बसलंय.

मास्तर ओरडले, नाही म्हणून. सतरा दिवसांत त्यांचा चढा आवाज मी ऐकला नव्हता.

लालसाबनं मान वळवली. पट्टी शोधताना वळते तेवढी, मग आणखी, मग पार खांद्यापर्यंत. थोडा वेळ बघत राहिला. मग हळू म्हणाला, "यो तो मैंच हूँ."

आणि डाव्या हातानं कप उचलून चहा प्यायला. डाव्या हातानं. मारियाच्या हातातली वही पडली. ती रडत, हसत त्याच्याकडे धावली. मास्तरांनी मान खाली घातली. काशम्मानं पदर तोंडावर घेतला.

तो उठला, काठीशिवाय. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, बाई, तुम्ही कोण.

बुधवार, ३० एप्रिल

आज बसवजयंती, म्हणून मास्तरांकडे पुरण होतं. दुपारी लालसाब आणि त्याची बायको गुलबानो पेढे घेऊन आले. तो स्वतः टेम्पो चालवत आला. दाढी दोन्ही गालांची. गुलबानो सारखी म्हणत होती, अल्ला का शुकर, पैले जैसे हो गए. मास्तरांनी अभिनंदन केलं.

लालसाब त्याच्या जुन्या जागी बसला, माझ्या समोर. पाय हलवत होता. उशीर होतोय म्हणत होता.

त्याच्या डावीकडे तो होता. आमचा. लुंगी, डाव्या गालावर रान, डावा हात मांडीवर पडलेला. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. तो माझ्या शेजारी बघत होता आणि भरभर काहीतरी सांगत होता. रोजच्यासारखा माझी डावी बाजू मला सांगत होता.

मी पेढा खाऊ शकले नाही.

गुरुवार, १ मे

मास्तरांना विचारलं. आधी टाळलं त्यांनी, मग खुर्ची माझ्यासमोर ओढली.

झटका आला त्या दिवशी जो होता तो कुठं जात नाही, म्हणाले. डावीकडे बसून राहतो, झटका आलेल्यांनाच तेवढा दिसतो. आपण विसरतो, तो विसरत नाही. आपण त्याच्याकडे नीट बघितलं की तो इकडे येतो आणि आपण तिकडे. हात परत येतो, पाय परत येतो, घरचे आनंदानं वेडे होतात. झटक्यानंतरचं मात्र त्याला काहीच माहीत नसतं. दहा वर्षांत चार जण असे बरे झालेले त्यांनी बघितले. लालसाब पाचवा.

मी चिडले. म्हटलं मग हे आल्याबरोबर का सांगत नाही. मास्तर थकून म्हणाले की बाई, सांगितलं की माणूस बघतोच. चालता यावं, आंघोळ करता यावी, ताट फिरवून जेवता यावं, एवढंच मी शिकवतो. तेवढ्यात भागतं. माझं भागलंय.

मी विचारलं, माझ्या डावीकडे कोण आहे.

मास्तर म्हणाले, तुमची काठी आहे. पाण्याचं मडकं आहे.

शनिवार, ३ मे

व्यायाम बंद. मारियाला सांगितलं डोकं दुखतं.

पूर्वीसारखं व्हायचंय असं मीच पहिल्या पानावर लिहिलंय. आज वाचलं. पूर्वीची मी म्हणजे कोण, तर त्या म्हाताऱ्याला उतरवून घंटी मारणारी. तिला काशम्मा माहीत नाही. लालसाबचा चहा माहीत नाही. अर्ध्या ताटासाठी वहिनीची माफी मागितलेली माहीत नाही. ती माफी मागायला मला तीन आठवडे लागले.

हे चार महिने फार वाईट गेले. पण ते माझे आहेत.

मंगळवार, ६ मे

गुलबानो आली होती. एकटीच. आत आली नाही, दारातच उभी राहिली. मास्तरांना म्हणाली की ते रागावतात फार, पूर्वी रागवायचे तसेच. फेब्रुवारीत मुलीचा निकाह झाला, त्यांना आठवत नाही. स्वयंपाकघरात फळी कुणी ठोकली विचारतात, यांनीच एका हातानं ठोकली होती. मग तिनं विचारलं की जो चहा करायचा तो हितं राहिलाय का.

मास्तरांनी तिला पाणी आणून दिलं. ती पाणी पिऊन गेली.

माझ्या एका वाक्यामुळे झालं हे.

गुरुवार, ८ मे

व्यायाम बंद आहे तरी होतंय. मारिया म्हणते मेंदू एकदा सुधारायला लागला की सुधारतो, घाबरू नका मावशी, ही चांगली गोष्ट आहे.

सकाळी ताट फिरवावं लागलं नाही. सगळी भाकरी दिसली. मी रडले. मारियाला वाटलं आनंदानं.

आता डावीकडे, अगदी कडेला, खाकी काहीतरी असतं. बाही आहे. चामडी पिशवीचा पट्टा. अंगठ्याला शाई.

शुक्रवार, ९ मे

डावी बाजू भिंतीला लावून बसले. भिंत आणि मी यांच्यामध्ये वीतभर जागा नाही. तरी बाही आहे.

डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून बघितला. मारिया हसली. डोळ्यांचा प्रश्नच नाही म्हणाली.

डाव्या हाताची बोटं हलली. मी नाही हलवली.

शनिवार, १० मे

काशम्माला समोर बसवलं आणि म्हटलं, सांगा. ती म्हणाली, भिंत हाय, मडकं हाय, तुमची काठी हाय. मग थांबली. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तरी सांगा, नियम राहू दे. ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, अक्का, ती तुमच्याकडंच बगती. लई घाईत हाय. मनगटावरचं घड्याळ बगती सारकं.

बोलून तिनं माझा उजवा हात धरला. जेवणापर्यंत सोडला नाही.

दमले मी. भांडावं कुणाशी, तीही मीच.

रविवार, ११ मे. सकाळ

पूनमचा फोन आला. उद्या तपासणी झाली की डेपोतून चौघीजणी येणार, हार घेऊन. मी म्हटलं आणू नका. ती म्हणाली तुम्ही पूर्वीसारख्याच बोलायला लागलात.

खांदा दिसतो. गळ्याजवळचं बटण दिसतं.

मास्तर शेजारी बसलेत. त्यांना माझ्याकडे बघवत नाही.

दुपार

मान मी वळवत नाही. वळते. थोडी — मी परत आणते — परत —

डावा हात उचलला गेला. पट्टा सरळ करतात तसा. मला पट्टा नाही.

ती काय सांगते ते ऐकू येत नाही. ओठ दिसतात. चला, चला, असं —

काशम्मा, तुम्हाला वाचता येत नाही. मास्तर वाचून दाखवतील. उद्या जी उठेल ती तुम्हाला ओळखणार नाही. रागावू नका. तिचा दोष नाही, तिला खरंच काही माहीत नाही. हार घालून तिला नेतील. पण बरं वाटलं, उठता-फिरता आलं की एकदा मंगळवेढ्याच्या गाडीत बसा. ती तिकीट मागेल, घाई करेल. तिकीट घ्या. मग तिच्या डाव्या हाताला बघा, तिथं मी उभी असेन. लोकांना दिसणार नाही, तुम्हाला दिसेन. मला एकदा अक्का म्हणा, एवढ्यानं मला कळेल की मी —